हेलनबायने सोडलेले बोंबील

आमच्या निर्मळमध्ये ख्रिस्ती घरातलं माणूस मासे खात नाही असं कळलं, की लोक आधी त्याची तब्येत विचारतात. माझी मोठी बहीण हेलन हिने वयाच्या एकोणिसाव्या वर्षी मासे आणि मटण सोडलं, आणि त्रेपन्न वर्षं त्याला तोंड लावलं नाही. ज्याच्यासाठी तिने ते सोडलं, त्याच माणसाने तिला ते परत खायला लावलं. तो माणूस मी. नाव आलोशियस, चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, आता निवृत्त. विज्ञानाचं आधीच सांगून टाकतो, कारण पुढे माझी जी शोभा होणार आहे ती त्या चौतीस वर्षांमुळेच जास्त आहे.

मोठ्या बहिणीला आम्ही बाय म्हणतो. बायची शाळा चौथीतच सुटली होती; मी सहा वर्षांचा असताना आई गेली आणि सगळं घर तिच्या अंगावर पडलं. वडील, बाय आणि मी, एवढंच घर. वाडीत केळी, चार झाडं सोनचाफ्याची, मोगऱ्याचे दोन वाफे, मागे भाताचा एक तुकडा आणि कडेला बावखल, म्हणजे आमचं पावसाचं पाणी साठवणारं तळं. त्या बावखलात मी पोहायला शिकलो. आता त्याच्या अर्ध्या भागावर कुणीतरी भराव टाकलाय. जाऊ दे, त्या विषयावर मी बोलायला लागलो की माझी बायको रोवेना पंखा बंद करून उठून जाते.

नऊ वर्षांचा असताना मला टायफॉइड झाला. तेव्हा त्याला नुसतं ‘मोठा ताप’ म्हणत. वसईहून डॉक्टर टांग्याने यायचे. अठराव्या दिवशी त्यांनी वडिलांना बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं आणि वडील विहिरीच्या काठावर जाऊन बसले ते संध्याकाळपर्यंत उठलेच नाहीत. मग बाय चर्चमध्ये गेली. मरियामाउलीच्या आल्तारासमोर गुडघे टेकले आणि विचार केला, आपल्याला जगात सगळ्यात जास्त काय आवडतं? उत्तर शोधायला तिला फार वेळ लागला नसणार. चुलीतल्या निखाऱ्यावर भाजलेला सुका बोंबील, वर कच्च्या खोबरेल तेलाचा थेंब आणि तांदळाची भाकरी. बाय बोंबील भाजायला बसली की शेजारचं मांजर आमच्या उंबऱ्यावर हजर असायचं. “माझ्या भावाला वाचव, मी मरेपर्यंत मासळी-मटनाला तोंड लावनार नाय,” असं ती बोलून आली. तिसऱ्या दिवशी माझा ताप उतरला.

कॉलेजात गेल्यावर मला शिंगं फुटली. मी बायला एकदा समजावून सांगितलं, की टायफॉइडचा ताप तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आपोआपही उतरतो, शिवाय डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्याच, तेव्हा तुझ्या बोंबलांचा यात काही संबंध नाही. ती मोगरा ओवत होती. मान वर न करता म्हणाली, “असंल. पन तू हायस ना?”

त्या आजारातली अजून एक गोष्ट. मला दिवसभरात जेमतेम चार चमचे पेज जायची. उरलेली बाय प्यायची, त्याच ताटलीतून, त्याच चमच्याने. आमच्या घरात अन्न टाकायची रीत नव्हती. ही ताटली लक्षात ठेवा, ती पुढे येणार आहे.

बायने लग्न केलं नाही. आधी माझं शिक्षण, मग वडिलांचं दुखणं, मग वेळ निघून गेली. मी त्याच वाडीत दुसरं घर बांधलं, ती जुन्या घरात राहिली. मधे फक्त अंगण आणि एक आंब्याचं झाड. तिची ओळख साऱ्या गावाला दोन गोष्टींसाठी. पहिली म्हणजे तिचे गजरे. दुपारी कळ्या खुडायच्या, ओलं फडकं पसरून त्यावर ओतायच्या, आणि केळीच्या सोपटाचा, म्हणजे खोडाच्या सालीचा, भिजवलेला दोरा घेऊन ओट्यावर बसायचं. बायचे डोळे कधी हातांकडे नसायचे. ते असायचे माझ्या पुस्तकाकडे. “मोठ्यानं वाच,” म्हणायची. मी वाचायचो, “जठरात अन्नामध्ये आम्ल मिसळते.” इकडे कळी, गाठ, कळी, गाठ. बोटंच बघायची. माझं सगळं विज्ञान तिने असं कानाने ऐकलं. मी कुठे ओळ गाळली तर गाठ मारता मारता सांगायची, “काल इथं अजून कायतरी होतं.”

दुसरी ओळख म्हणजे तिचं इंद्याल, आमच्या लग्नातलं मसालेदार मटण. गावात लग्न असलं की मटणाच्या टोपाशी बाय उभी. दोनशे माणसांचं इंद्याल ती चव न घेता करायची. झाकण उघडायचं, वाफ नाकात घ्यायची आणि सांगायचं, “मीठ कमी हाय.” कमीच असायचं. राजोडीहून मासे घेऊन येणारी मेरी शेजारच्या हिंदू देवळाकडे बोट दाखवून तिला चिडवायची, “बाय, देवळाच्या बाजूला राहून बामन झालीस काय?” बाय हसायची आणि तिला लिंबाचं सरबत द्यायची. पाटीतल्या बोंबलांकडे मात्र बघायची नाही. मी बघितलंय ते. त्रेपन्न वर्षांनंतरही ती त्या पाटीकडे पाठ करून बसायची.

करोनाचं दुसरं वर्ष सरलं आणि फूलबाजारातून निरोप आला, की हेलनबायचे गजरे सुटतायत. हे म्हणजे भरतीचं पाणी उलटं वाहिल्यासारखं झालं. मी जाऊन बघितलं तर बाय मान खाली घालून, डोळे बारीक करून ओवत होती. “बोटाला दोरा लागत नाय रे,” म्हणाली. “हातमोजे घातल्यासारखं वाटतं.” मी म्हटलं, वय झालं. मग एका रविवारी ती मिस्सा करून घरी आली ती एका पायात चप्पल घालून. दुसरी वाटेत कुठे निसटली तिला पत्ताच नव्हता. आम्ही पोट धरून हसलो. तीही हसली. तेव्हा हसलो नसतो तर बरं झालं असतं.

मग दम लागायला लागला. विहिरीपासून ओट्यापर्यंत येताना ती दोनदा बसायची. रंग फिकट, त्यात पिवळसर झाक. गावातल्या बायका म्हणाल्या, बाय म्हातारपणी गोरी झाली. जिभेला तिखट सोसेना. आणि जी बाई आयुष्यात कुणावर ओरडली नाही ती मोगऱ्याच्या झाडावर ओरडताना मी ऐकलं. गावातल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, हिमोग्लोबिन साडेसहा. तीन महिने लोहाच्या गोळ्या झाल्या, रक्त काही वाढेना. मग ते म्हणाले, “मांसाहार नाही ना? बी-बारा कमी असेल. गोळ्या लिहून देतो, नाहीतर वरच्या डॉक्टरांना दाखवा.”

त्यांनी चिठ्ठी लिहून दिली आणि मी ती घडी घालून खिशात ठेवली. इथून पुढचा सगळा मूर्खपणा माझा एकट्याचा. मी आयुष्यभर पोरांना शिकवलं होतं की जे ताटात मिळतं ते बाटलीत शोधू नये. बी-बारा कशात असतं? कलेजीत, मासळीत. मग गोळ्या कशाला? हिने पन्नास वर्षं नवसापायी मासळी सोडली, म्हणून हे झालं. कारण सापडलं, उपाय सापडला, मास्तर खूश. बाय रोज दूध प्यायची, अंडी खायची, आणि त्यातही बी-बारा असतं, हे मला ठाऊक होतं. पण माणसाला एकदा आपलं उत्तर आवडलं की तो परत पेपर तपासत नाही.

बाय ऐकेना. “नवस हाय, आलोश. मरेपर्यंत म्हटलंय मी.” मी फादरांना घेऊन आलो. फादर भला माणूस, तिच्या ओट्यावर बसून म्हणाले, “बाय, देव आजारी माणसाला नवसात बांधून ठेवत नाही. त्याऐवजी दर शुक्रवारी एक रोजरी जास्त म्हण.” ती मानेनेच नाही म्हणाली. तेव्हा मी शेवटचं हत्यार काढलं. म्हटलं, “ज्याच्यासाठी सोडलंस, तो मी. मीच मागतोय. माझं एवढंही ऐकायचं नाही?” आज ते वाक्य आठवलं की मला माझी लाज वाटते. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “बरं.”

रोवेनाने रविवारी बकऱ्याची कलेजी केली, घरच्या मसाल्यात, बेताचं तिखट घालून. बाय ताटावर बसली आणि परत उठली. तिच्या घरात भिंतीवर छोटा आल्तार आहे, मरियामाउलीची तसबीर, एक क्रूस, दोन मेणबत्त्या. त्याला एक पांढरा पडदा आहे, तिने स्वतः कडा विणलेला. घर रंगवायला काढलं की धूळ बसू नये म्हणून तो ओढायचा, एरवी कधीच नाही. तिने तो पडदा ओढला. मग येऊन बसली आणि कलेजीचा तुकडा तोंडात घातला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती चावत होती. मी म्हटलं, “बघ, काही होत नाही.” असा मी.

आठवड्यातून दोनदा कलेजी, एरवी मासळी, असं अकरा महिने चाललं. ताट वाढलं की पडदा ओढायचा, हात धुतले की उघडायचा. पुढे पुढे तिने उघडायचंच सोडलं. “कुठलं तोंड घेऊन उघडू?” म्हणाली. शुक्रवारची जास्तीची रोजरीसुद्धा ती त्या बंद पडद्यासमोर म्हणायची. एकदा मी मोठ्या हौसेने मेरीकडून उत्तम सुके बोंबील आणले, निखाऱ्यावर स्वतः भाजले, वर खोबरेल तेलाचा थेंब टाकला. म्हटलं आता तरी खुलेल. बायने अर्धा खाल्ला आणि ताटात ठेवला. “याला चव नाय रे.” मी तिला समुद्राच्या प्रदूषणावर भाषण दिलं, पूर्वीचे बोंबील राहिले नाहीत वगैरे. ती म्हणाली, “त्यापायी मोडला मी नवस?” आणि अर्धा बोंबील मांजराला दिला. मांजराने तो मिटक्या मारत खाल्ला. त्यावरून तरी मला कळायला हवं होतं की चव गेली ती बोंबलाची नव्हे.

दर आठवड्याला ती मला विचारायची, “रंग आला काय रे?” मी म्हणायचो, येतोय, येतोय. येत नव्हता. ती अजून वाळली. आणि मनात तिने वेगळाच हिशोब मांडला होता. एकदा रोवेनाला म्हणाली, “माझ्या रक्ताला काय नाय झालेलं. नवस मोडला म्हनून माउली रागावली.” रोवेनाने ते मला सांगितलं तेव्हा मी तिच्यावरच खेकसलो. पण त्या दिवशी मी जेवलो नाही.

पुढच्या जानेवारीत एका सकाळी बाय नळावर तोंड धूत असताना पडली. साबण लावून डोळे मिटले आणि उभीच्या उभी आडवी झाली, कपाळ दगडावर आपटलं. तिला विरारच्या एका छोट्या हॉस्पिटलात नेलं. तिथे डॉक्टर अनुष्का म्हणून एक मुलगी होती, तिशीची असेल, आईवडील कोकणातले, ही इथेच फ्लॅटमध्ये वाढलेली. तिने टाके घातले. मी आवराआवर करायला लागलो तेवढ्यात ती म्हणाली, “काका, एक मिनिट. आजी, तोंड धुताना डोळे बंद होते का? जरा जीभ दाखवा.”

बायने जीभ काढली. मी अकरा महिने तिचं ताट बघत होतो, जीभ कधी बघितली नव्हती. लाल आणि गुळगुळीत, वापरून वापरून झिजलेल्या साबणाच्या वडीसारखी. मग त्या मुलीने बायला पाय जुळवून उभं केलं आणि डोळे मिटायला सांगितले. बाय लगेच डोलायला लागली, तिने धरलं. मग खिशातून काय काढलं असेल? नादकाटा. अहो, मी चौतीस वर्षं तोच टेबलावर आपटून पोरांना कंपन शिकवलं. तिने तो वाजवून बायच्या घोट्यावर टेकवला. “काही लागतंय, आजी? थरथर?” बाय म्हणाली, “थंड लागतं. थरथर कसली?” काटा नुसता घुमत होता, मला दोन हातांवरून ऐकू येत होता, आणि माझ्या बहिणीच्या हाडाला तो लागत नव्हता.

मी माझं सगळं विद्वत्तापूर्ण निदान तिला सांगितलं. नवस, शाकाहार, बी-बारा, कलेजी. मुलीने शांतपणे ऐकलं. “कलेजी खाताय किती दिवस? अकरा महिने? आणि तरी हे?” तिने रक्त काढलं आणि काही तपासण्या लिहिल्या. दोन दिवसांनी मोठ्या डॉक्टरांनी बायच्या पोटात दुर्बीण घालून आतल्या अस्तराचे तुकडे काढले. रक्तात बी-बारा जवळजवळ नव्हतंच. आठवड्याने सगळे कागद आले तेव्हा त्या मुलीने आम्हाला समोर बसवलं.

“आजी, तुमच्या पोटात एक जंतू सापडला. हेलिकोबॅक्टर पायलोरी म्हणतात त्याला. तो बहुतेक लहानपणीच शिरतो, घरातल्या घरात, एकाचं दुसऱ्याला. मग वर्षानुवर्षं जठरात राहतो. बऱ्याच लोकांना काहीच करत नाही. पण शरीर त्याच्याशी लढत असतं. आणि काहींच्या बाबतीत लढता लढता शरीराची चूक होते. जठरात आम्ल तयार करणाऱ्या आपल्याच पेशी त्याला शत्रू वाटायला लागतात. मग शरीर त्या पेशीच मारत सुटतं.”

बाय म्हणाली, “म्हंजे चोरासाठी पाळलेला कुत्रा घरच्या मानसाला चावला.”

“अगदी तसंच. चोराचा आणि घरच्या माणसाचा सदरा थोडा सारखा होता ना, म्हणून.” ती हसली, मग माझ्याकडे वळली. “काका, आता हे तुमच्या प्रश्नाचं उत्तर. जठराच्या त्याच पेशी आणखी एक पदार्थ बनवतात. तो बी-बाराला हाताला धरून आतड्यात पोचवतो. पेशी गेल्या की तो पदार्थ गेला. मग बी-बारा खाल्लं तरी अंगात शिरत नाही, आलं तसं निघून जातं. याला पर्निशियस अ‍ॅनिमिया म्हणतात. नाव भयंकर आहे, कारण पूर्वी याने माणसं मरायची.”

मी तिला दोनदा विचारलं, की तो जंतूच कारण हे नक्की का. ती म्हणाली, “नक्की कुणीच सांगणार नाही. काही पेशंटमध्ये तशी साखळी दिसते, काहींमध्ये जंतू नसतानाही हे होतं. आजींच्या शरीरात दोन्ही सापडलं, एवढं मी सांगू शकते. त्याने सुरुवात केली असेल, असं वाटतं.” उत्तर मला आवडलं. जेवढं ठाऊक तेवढंच बोलली. मी अकरा महिन्यांपूर्वी एवढं शहाणपण दाखवलं असतं तर.

मग मी जे विचारायला घाबरत होतो ते विचारलं. “हिने आयुष्यभर मासे खाल्ले असते तर?”

“तरी हेच झालं असतं. माशांचा यात काही दोष नाही, काका. सोडल्याचाही नाही.”

बाय पदराशी चाळा करत खाली बघत बसली होती. मला तिच्याकडे बघवेना. जिच्याकडे आयुष्यात एकच मोठी गोष्ट होती, देवाला दिलेला आणि पाळलेला एक शब्द, तिच्याकडून मी तो फुकट मोडून घेतला होता. माझा जीव वाचला त्याची ती किंमत होती आणि मीच ती तिच्या हातातून काढून घेतली.

इंजेक्शनं सुरू झाली. आधी एक दिवसाआड, मग आठवड्याला, आता महिन्याला एक, जन्मभर. पहिल्या दिवशी बायने दंड मागे घेतला. “हे कशाचं हाय? कलेजीचं नाय ना?” डॉक्टरीण म्हणाली, “नाही आजी, हे बी-बारा जंतूंकडूनच बनवून घेतात, कारखान्यात.” बाय म्हणाली, “म्हंजे एक जंतू बिघडवतो आनि दुसरा निस्तरतो. आमच्या गावासारखंच.” आणि दंड पुढे केला.

जठरातल्या जंतूसाठी दोन आठवड्यांच्या गोळ्या होत्या. गेलेल्या पेशी त्याने परत येतील याची खात्री नाही, पण जंतूला ठेवून घेण्यात अर्थ नाही, आणि अधूनमधून दुर्बिणीने पोट बघत राहायचं, असं सांगितलं. घरच्यांनीही तपासून घ्या म्हणाले. रोवेनाची तपासणी स्वच्छ निघाली. माझ्या पोटात मात्र तो निघाला. मला ती ताटली आठवली, तो चमचा, ती उरलेली पेज. कुणी कुणाला दिला हे आता देवच जाणे, कदाचित तो आईकडूनच दोघांना आला असेल. पण माझ्या पोटात पंचावन्न-साठ वर्षं राहून त्याने मला करपट ढेकरांपलीकडे काही दिलं नाही, आणि तिच्या पोटात घर जाळलं. चौदा दिवस मीही त्या गोळ्या खाल्ल्या. तोंड असं कडू झालं की रोवेनाने केलेलं बोंबलाचं कालवण मी तसंच परत पाठवलं. म्हटलं, चौदा दिवस तरी.

दोन महिन्यांत बायला रंग आला. खरा आला, मला खोटं बोलावं लागलं नाही. जीभ भरली, दम थांबला, मोगऱ्यावरचं ओरडणं थांबलं. पायांच्या मुंग्या सगळ्या गेल्या नाहीत, त्या उशीर केल्याच्या आहेत, म्हणजे माझ्या आहेत. तोंड धुताना ती अजून एक हात भिंतीला लावते. पण बोटं परत आली. एप्रिलच्या एका दुपारी इंजेक्शन घेऊन आम्ही स्कूटरवरून परतलो, तिने कळ्या ओतून घेतल्या, सोपट भिजवलं आणि ओट्यावर बसली. कळी, गाठ, कळी, गाठ. डोळे अंगणात. मी तिच्या शेजारी नऊ वर्षांचा होऊन बसलो. पुस्तक तेवढं नव्हतं.

आत आल्तारावर पडदा होता तसाच होता. कलेजी जानेवारीतच बंद झाली होती, पण पडदा तिने उघडला नव्हता. मला ते रोज दिसायचं. शेवटी मी म्हणालो, “बाय, माझं चुकलं. मी तुझा नवस मोडला. मला माफ कर.”

तिचे हात थांबले नाहीत. “आलोश, ती पोरगी काय बोलली ते परत सांग. कलेजी खाल्ली ती कुठं गेली?”

“जठरात गेली.”

“तुझ्या पुस्तकात होतं, तिथं आम्ल सुटतं. माझ्यात सुटत नाय?”

“नाही.”

“आनि ते बी-बारा? ज्याच्यासाठी तू खायला लावलंस?”

“ते आत शिरलंच नाही. आलं तसं गेलं.”

आता हात थांबले. “म्हंजे अंगी लागलं नाय.”

मला सगळं माहीत होतं. बी-बारा शिरलं नाही, पण कलेजीतलं बाकीचं थोडंफार शिरलंच असणार. प्रथिनं पुढे आतड्यातही पचतात, आम्ल नसलं तरी. आठवीच्या पोरालाही मी तिथेच थांबवून दुरुस्त केलं असतं, आणि अर्धा गुण कापला असता.

“नाही लागलं,” मी म्हणालो. “काहीच नाही.”

“बोंबील पन?”

“बोंबीलसुद्धा नाही.”

बायने अर्धा गजरा फडक्यावर ठेवला. भिंतीचा आधार घेत उठली, आत गेली, आणि मला कड्यांचा आवाज आला. आठ महिने न उघडलेला पडदा सरकत होता. मग तिचा आवाज आला, मोठ्याने, मी एकेकाळी वाचायचो तसा खणखणीत.

“माउली, ऐकलंस काय? तोंडानं मोडला, पन पोटानं नाय घेतलं. मास्तर सांगतो.”

मग ती बाहेर आली, बसली, आणि राहिलेला गजरा हातात घेतला. माझ्या डोळ्यांना पाणी आलेलं तिने बघितलं असणार, पण ती अंगणाकडे बघून म्हणाली, “मेरी आली तर बोंबील तुझ्यासाठी ठेवून जायला सांग. मला नको.” चौतीस वर्षांत मी कुणाच्याही चुकीच्या उत्तराला पूर्ण गुण दिले नव्हते.